तापमानवाढ माणसामुळेच कशावरून? आणि ध्रुवांवरचा कुठला पुरावा खरोखर पक्का?

ध्रुवमत्स्य

ध्रुवांवरचा बर्फ वितळतोय याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण वितळणारा बर्फ एवढंच सांगतो की ऊब वाढली. ती कोणी वाढवली, हे तो सांगत नाही. चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत होते आणि "हवामान तर नेहमीच बदलत आलंय" असं कोणी म्हटलं की गाडी तिथेच अडते. म्हणून या धाग्यात दोन प्रश्न वेगळे ठेवू या. एक, हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड आणि जादा उष्णता माणसामुळेच आहे हे कशावरून? दोन, ध्रुवांवर जे दिसतंय त्यातलं पुरावा म्हणून काय वापरावं आणि काय वापरू नये?

पहिल्या प्रश्नाला जमाखर्चाने सुरुवात करतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा आकडा साधारण ३१५ पीपीएम होता, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंत ३१५ रेणू कार्बन डायऑक्साइडचे. औद्योगिक काळापूर्वी तो २८० च्या आसपास होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर आहे.

आता आपण हवेत किती सोडतो ते बघा. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन. जंगलतोड धरली तर ४१ अब्ज टनांच्या जवळपास. हवेतलं प्रमाण १ पीपीएमने वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन लागतात. आपण सोडलेलं सगळं हवेतच राहिलं असतं तर दरवर्षी ५ पीपीएमहून जास्त वाढ दिसली असती. दिसते ती अडीचच्या आसपास. उरलेला निम्मा भाग समुद्र आणि जमिनीवरची झाडं-माती शोषून घेतात. म्हणजे निसर्ग एकूणात कार्बन आत घेतोय. "वाढ समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आली" म्हणणाऱ्याला आधी हे सांगावं लागेल की आपण सोडलेले ४१ अब्ज टन गेले कुठे. ज्वालामुखींचं वर्षाचं उत्सर्जन तर आपल्या १ टक्क्याहूनही कमी आहे.

दुसरा पुरावा उष्णता *कुठे* वाढली याचा. सूर्य तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. हरितगृह वायू वाढले तर खालचं तपांबर तापतं आणि वरचं स्थितांबर थंड होतं, कारण तिथे वाढलेला कार्बन डायऑक्साइड जास्त उष्णता अवकाशात फेकतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने हे मांडलं होतं, उपग्रहांची मोजणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी. पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी नेमकं तेच दाखवलं. खालच्या स्थितांबरातल्या थंडीत ओझोन घटल्याचाही मोठा वाटा आहे, म्हणून तिथला आकडा पुरावा म्हणून पुढे करू नका. मधल्या आणि वरच्या स्थितांबरातली घट बघा, तिथे कार्बन डायऑक्साइडची खूण जास्त स्वच्छ आहे.

ध्रुवांबद्दल खाली जाणकारांनी लिहावं.

समस्थानिक

चांगली सुरुवात. जमाखर्चाच्या जोडीला कार्बनची ओळख पटवणाऱ्या तीन चाचण्या आहेत. त्या एकत्र वाचल्या तरच अर्थ लागतो, सुटी चाचणी देऊ नये.

पहिली कार्बन-१३ ची, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराची. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त उचलतात. कोळसा आणि तेल हे जुन्या वनस्पती-शैवालांचेच अवशेष असल्याने त्यांच्यात कार्बन-१३ कमी असतो. एका ठरलेल्या नमुन्याच्या तुलनेत हवेतलं कार्बन-१३ चं गुणोत्तर औद्योगिक काळापूर्वी उणे ६.५ प्रतिसहस्रच्या (म्हणजे हजारात ६.५ ने कमी) आसपास होतं, आता ते उणे ८.५ च्या आसपास घसरलंय. ज्वालामुखीतून येणाऱ्या वायूत कार्बन-१३ हवेपेक्षा जास्त असतो. वाढ तिथून आली असती तर गुणोत्तर उलट दिशेला सरकलं असतं. ज्वालामुखी बाद.

पण जंगलं जाळली तरी कार्बन-१३ घटेलच. तिथे दुसरी चाचणी लागते, कार्बन-१४ ची, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी, काळानुसार नष्ट होत जाणाऱ्या प्रकाराची. याचं अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षं आहे. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो, ताज्या लाकडात असतो. हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या वलयांवरून दाखवलं की हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत चाललंय. पुढे अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ ची मोठी भर घातली, त्यामुळे त्यानंतरचा आलेख वाचताना तो फुगवटा वेगळा काढावा लागतो. अनेक जण १९६० नंतरचा आलेख नुसता चिकटवतात आणि कार्बन-१४ घटतोय ते जीवाश्म इंधनामुळेच असं लिहितात. त्या घसरणीचा मोठा भाग चाचण्यांचा कार्बन समुद्रात आणि वनस्पतींत मुरल्याचा आहे. जीवाश्म इंधनाने कार्बन-१४ पातळ होण्याचा हा स्यूस परिणाम दाखवायचा असेल तर १९५० पूर्वीची वलयं दाखवा.

तिसरी ऑक्सिजनची. जाळलं की ऑक्सिजन खर्च होतो. कोळशाला दर कार्बन अणूमागे साधारण १.२ रेणू, नैसर्गिक वायूला जवळजवळ २. समुद्रातून नुसता विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर आला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता. राल्फ कीलिंग यांच्या मोजण्यांत तो सातत्याने घटताना दिसतो, आणि कार्बन डायऑक्साइड जितका वाढतो त्याहून जास्त वेगाने. कारण समुद्र आपला काही कार्बन डायऑक्साइड शोषतो, पण बदल्यात ऑक्सिजन देत नाही. (श्वासाला धोका नाही. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के आहे आणि घट दहा लाखांत काही रेणूंची आहे.)

तिन्ही चाचण्या एकदम पास होणारा उगम एकच: जुना, वनस्पतीजन्य, जाळलेला कार्बन.

जिज्ञासू

दोन शंका आहेत, चर्चेत नेहमी येतात म्हणून विचारतो.

१. कार्बन डायऑक्साइड ज्या तरंगलांबीत उष्णता शोषतो तो पट्टा आधीच पूर्ण भरलेला आहे, आणखी वायू टाकून काय फरक पडणार?
२. सूर्याचं काय?

समस्थानिक

>> पट्टा आधीच पूर्ण भरलेला आहे

१५ मायक्रोमीटरच्या पट्ट्याचा मध्य भरलेलाच आहे, पण कडा भरलेल्या नाहीत. वायू वाढला की पट्टा कडांनी रुंदावतो. शिवाय अवकाशात उष्णता जिथून शेवटी सुटते तो थर वर सरकतो. तपांबरात वर गेलं की थंडी वाढते, आणि थंड थर कमी उष्णता सोडतो. म्हणून परिणाम थांबत नाही, फक्त लघुगणकी होतो, म्हणजे प्रमाण दर वेळी दुप्पट झालं की तेवढीच भर पडते. ढोबळ सूत्र: ५.३५ गुणिले (आताचं प्रमाण भागिले जुनं) याचा नैसर्गिक लॉग. २८० वरून ४२४ साठी उत्तर येतं दर चौरस मीटरला सुमारे २.२ वॅट. प्रमाण दुप्पट झालं तर ३.७.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. १९७० मध्ये निंबस-४ उपग्रहाने पृथ्वीवरून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांचा वर्णपट घेतला होता, १९९६-९७ मध्ये जपानच्या उपग्रहाने. दोन्ही एकमेकांवर ठेवले तर कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनच्या तरंगलांबीतच बाहेर जाणारी उष्णता कमी झालेली दिसते. जमिनीवरून वर बघणाऱ्या उपकरणांनीही हे पकडलंय. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात आणि अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर २००० ते २०१० या काळात कार्बन डायऑक्साइड २२ पीपीएमने वाढला, आणि त्याच्यामुळे खाली येणारी उष्णता दर दशकाला दर चौरस मीटर सुमारे ०.२ वॅटने वाढल्याचं थेट मोजलं गेलं. त्यातलं दुसरं ठिकाण आर्क्टिकमधलं आहे, हे या धाग्यासाठी मुद्दाम.

सूर्य: पृथ्वीपर्यंत पोचणारी ऊर्जा दर चौरस मीटर सुमारे १३६१ वॅट, अकरा वर्षांच्या चक्रात फरक ०.१ टक्क्याच्या आसपास. १९७८ च्या अखेरीपासून उपग्रह ती मोजताहेत. तापमान चढत गेलं, सूर्याची सरासरी चढली नाही.

अक्षांश

तापमानाच्या नोंदींबद्दल थोडं. ध्रुवांच्या बाबतीत चूक नेमकी कुठे होते ते कळायला हवं.

आर्क्टिक महासागराच्या मध्यावर कायमची वेधशाळा नाही. पूर्वीच्या काही जागतिक नोंदींत तो रिकामा भाग सरळ सोडून दिला जायचा. सोडून दिला म्हणजे त्याला नकळत जगाच्या सरासरीइतकी वाढ बहाल केली जाते. सगळ्यात वेगाने तापणारा भाग सरासरीला चिकटवल्यावर एकूण वाढ *कमी* दिसणारच. नासाच्या नोंदीत १२०० किलोमीटरच्या आतल्या स्थानकांवरून अंदाज भरला जातो. ते चालतं, कारण तिथे मोजतात तो सरासरीपासूनचा फरक. दोन गावांचं तापमान वेगळं असेल, पण नेहमीपेक्षा किती जास्त-कमी, हे शेकडो किलोमीटरवर सारखंच हलतं.

"आकडे फिरवून वाढ दाखवली" हा आरोपही तपासून बघण्यासारखा आहे. सगळ्यात मोठी दुरुस्ती समुद्राच्या तापमानाची आहे. पूर्वी जहाजावरून बादलीने पाणी वर काढून मोजत. वर येईपर्यंत आणि डेकवर असताना बाष्पीभवनाने ते थोडं थंड होई. पुढे इंजिनाला लागणाऱ्या पाण्याच्या नळीतून मोजू लागले, ते किंचित गरम. ही तफावत काढली की जुने आकडे वर सरकतात, म्हणजे शतकभराची जागतिक वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा *कमी* होते.

आकडा हवा असेल तर १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं आहे. "दुप्पट" असं अजून खूप ठिकाणी छापलं जातं, ते जुनं आहे.

खारे पाणी

चौपट का, यावर लिहितो. बहुतेक लेखांत एकच कारण असतं: पांढरा बर्फ गेला, काळं पाणी उघडं पडलं. कारण खरं आहे, पण एकटं नाही.

आधी त्याचाच हिशेब. ताज्या हिमाने झाकलेला समुद्रावरचा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, उघडं पाणी ६-७ टक्के. जूनमध्ये पृष्ठभागावर दिवसभराची सरासरी ३०० वॅट धरली तर बर्फ शोषतो ६० आणि पाणी २८०. फरक २२० वॅटचा. एक घनमीटर बर्फ वितळवायला सुमारे ३०० मेगाज्यूल लागतात. २२० वॅट दिवसभर म्हणजे १९ मेगाज्यूल, म्हणजे शेजारच्या बर्फाचा रोज साधारण ६ सेंटीमीटर थर वितळवण्याइतकी ऊर्जा. यातली बरीचशी पाण्यात साठून राहते आणि शरद ऋतूत गोठण्याला उशीर करते. म्हणूनच आर्क्टिकमधली सगळ्यात मोठी तापमानवाढ उन्हाळ्यात न दिसता शरद आणि हिवाळ्यात दिसते. उन्हाळ्यात वितळत्या बर्फाजवळची हवा शून्याच्या आसपासच अडकलेली असते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. बातम्या सप्टेंबरच्या किमान विस्ताराच्या असतात, पण सप्टेंबरात सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो. ऊर्जेच्या दृष्टीने मे-जूनमध्ये बर्फावर पाण्याची डबकी कधी साचली याला जास्त महत्त्व आहे. डबकं झालं की तोच बर्फ कितीतरी कमी प्रकाश परत फेकतो.

दुसरं कारण हवेच्या थरांचं. उष्ण कटिबंधात जमिनीलगतची ऊब ढगांबरोबर उंच जाते आणि तिथून अवकाशात सुटते. ध्रुवावर जमिनीलगतची हवा थंड आणि जड, वरची तुलनेने उबदार, त्यामुळे वाढलेली ऊब तळालाच कोंडून राहते. हवामानाच्या अनेक संगणकी प्रारूपांत हा वाटा बर्फाच्या परावर्तनापेक्षाही मोठा निघतो. लेख लिहिणाऱ्यांनी हे गाळू नये.

जिज्ञासू

पण अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ तर वाढत होता ना? २०१४ मध्ये विक्रम झाला होता.

खारे पाणी

झाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये २० दशलक्ष चौरस किलोमीटरच्या वर गेला. २०१६ मध्ये अचानक घसरला, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे १.८ दशलक्षापर्यंत आला, उपग्रह नोंदीतला नीचांक. त्याच वर्षीचा हिवाळी उच्चांकही १७ दशलक्षाच्या किंचित खाली राहिला, तोही नीचांकच.

पण माझं मत स्पष्ट आहे: दक्षिणेकडचा समुद्रावरचा बर्फ ना तेव्हा "तापमानवाढ नाही" याचा पुरावा होता, ना आता एकट्याच्या जोरावर "तापमानवाढ आहे" याचा आहे. उत्तरेत समुद्राला जमिनीने वेढलंय, दक्षिणेत जमिनीला समुद्राने. दक्षिणेतला बर्फ वाऱ्याने मोकळ्या समुद्रात पसरतो आणि जवळजवळ सगळा दर उन्हाळ्यात वितळतो. त्यावर वारे, वितळलेल्या गोड्या पाण्याचा थर आणि खालचं उबदार पाणी यांची पकड असते. ओझोनच्या छिद्रामुळे वारे बळकट झाले होते, तोही एक भाग. उत्तरेत मात्र सप्टेंबरचा विस्तार आणि माणसाने आजवर सोडलेला एकूण कार्बन डायऑक्साइड यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत येतो. डर्क नॉट्झ आणि जुलिएन स्ट्रोव्ह यांनी २०१६ मध्ये काढलेला आकडा: दर टनामागे सुमारे ३ चौरस मीटर सप्टेंबरचा बर्फ कमी.

आणि हो, तरंगता बर्फ वितळला म्हणून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पातळीसाठी जमिनीवरचा बर्फ बघा.

हिमांकुर

जमिनीवरच्या बर्फाचं वजन तीन वेगळ्या रीतींनी करतात, आणि तिन्ही जुळतात म्हणून मी त्याला पक्का पुरावा मानतो.

एक, उपग्रहावरून उंची मोजणं. अडचण अशी की उंची घटली म्हणजे बर्फच गेला असं नाही. वरचं भुसभुशीत हिम दबलं तरी उंची घटते. दोन, हिमवर्षाव किती झाला आणि हिमनद्यांनी समुद्रात किती टाकला यांची वजाबाकी. दोन मोठे आकडे वजा करायचे असल्याने छोटी चूकही मोठी होते. तीन, गुरुत्वाकर्षण. ग्रेस नावाच्या जोडउपग्रहांनी (२००२ ते २०१७, पुढची जोडी २०१८ पासून) एकमेकांतलं सुमारे २२० किलोमीटरचं अंतर मायक्रॉनच्या हिशेबात मोजलं. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा उपग्रह आधी खेचला जातो, अंतर बदलतं. इथली मेख म्हणजे हिमयुगातला भार उतरल्याने जमीन अजून हळूहळू वर उठतेय आणि तेही वस्तुमानच आहे. अंटार्क्टिकात ही दुरुस्ती मोठी असते आणि अनिश्चितता तिथूनच येते.

सगळ्या रीती एकत्र केल्यावर १९९२ ते २०२० मध्ये ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका मिळून सुमारे ७५६० अब्ज टन बर्फ गेला. ३६० अब्ज टनांना समुद्र १ मिलिमीटर चढतो, म्हणजे २१ मिलिमीटर. दोन्हींपैकी ग्रीनलंडचा वाटा मोठा.

हे पाणी सगळीकडे सारखं चढत नाही. ग्रीनलंडचा बर्फ स्वतःच्या गुरुत्वाने आजूबाजूचा समुद्र आपल्याकडे ओढून धरतो. तो घटला की साधारण २००० किलोमीटरच्या आत पातळी *उतरते* आणि दूरवर सरासरीपेक्षा जास्त चढते. अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तर उत्तर गोलार्धाला सरासरीहून जास्त फटका.

पश्चिम अंटार्क्टिकाचं वेगळं. तिथे उन्हापेक्षा समुद्र घातक आहे. थ्वेट्स हिमनदी सुमारे १२० किलोमीटर रुंद, तिच्यातला बर्फ गेला तर समुद्र सुमारे ६५ सेंटीमीटर चढेल. खोलवरचं पाणी जेमतेम १ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, हे ऐकून लोकांना काही वाटत नाही. पण दाबाने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो, दर हजार मीटरला सुमारे पाऊण अंश. खारट पाण्यात १००० मीटर खोलीवर तो उणे २.६ च्या जवळ असतो. म्हणजे बर्फाच्या दृष्टीने ते पाणी साडेतीन अंशांनी गरम आहे. आणि तळ आतल्या बाजूला उतरत जातो. बर्फ जिथे जमीन सोडून तरंगायला लागतो ती रेषा मागे सरकली की तिथला बर्फ आधीपेक्षा जाड असतो, त्यामुळे समुद्रात जास्त वाहतो, आणि रेषा आणखी मागे जाते. जॉन मर्सर यांनी १९७८ मध्येच पश्चिम अंटार्क्टिकाच्या या धोक्याकडे बोट दाखवलं होतं.

अक्षांश

यात एक भर: प्रत्येक मोठा हिमनग पुरावा म्हणून टाकू नका. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकातल्या लार्सन-सी या आइस शेल्फपासून (जमिनीला जोडलेला, समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर) सुटलेला ए-६८ हिमनग सुमारे ५८०० चौरस किलोमीटरचा होता, पण शेल्फच्या कडेचे तुकडे असे अधूनमधून सुटतातच, ती त्याची नेहमीची घडामोड आहे. २००२ मधलं लार्सन-बी चं प्रकरण वेगळं. तिथे पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची शेकडो तळी साचली. पाणी बर्फापेक्षा जड, त्यामुळे भेगेत भरलं की ती भेग तळापर्यंत चिरत जाते. सुमारे ३२५० चौरस किलोमीटर शेल्फ काही आठवड्यांत भुगा झाला. त्यानंतर मागच्या हिमनद्यांचा वेग काही ठिकाणी आठपटीपर्यंत गेला, कारण शेल्फ त्यांना टेकू देत होता. नुसता तुकडा सुटणं आणि टेकू जाणं यात फरक करा.

जिज्ञासू

बर्फाच्या गाभ्यातून, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलातून, जुनी हवा मोजतात म्हणतात. त्यात गडबड होत नाही का? आणि हिमयुगं संपताना तापमान आधी वाढलं, कार्बन डायऑक्साइड नंतर, असंही त्याच गाभ्यांत दिसतं ना?

हिमांकुर

गडबड होऊ शकते, म्हणूनच रीत कडक आहे.

पडलेलं हिम दबत जातं. साधारण ५० ते १०० मीटर खोलीवर त्यातली भोकं बंद होतात. तोवर वरची हवा आत-बाहेर खेळत असते. त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फापेक्षा नेहमी तरुण असते. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोकसारख्या जागी, जिथे हिम अगदी कमी पडतं, हा फरक हजारो वर्षांचा होतो. तिथल्याच लॉ डोमसारख्या भरपूर हिमाच्या जागी काही दशकांचा. म्हणून अलीकडच्या शतकांसाठी लॉ डोम वापरतात, आणि तिथला आलेख १९५८ नंतरच्या थेट मोजणीला सांधा न दिसता मिळतो. पद्धत बरोबर असल्याचा हाच सगळ्यात साधा ताळा.

प्रयोगशाळेत तुकड्याची बाहेरची बाजू आधी तासून टाकतात, कारण छिद्र मिटू नये म्हणून ओतलेला द्रव भेगांतून आत शिरलेला असतो. मग निर्वात भांड्यात बर्फ कोरडाच चुरतात. वितळवत नाहीत, कारण धुळीतला कार्बोनेट आणि बर्फातलं आम्ल पाण्यात भेटले की नवा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ग्रीनलंडच्या बर्फात ही धूळ जास्त, म्हणून कार्बन डायऑक्साइडसाठी अंटार्क्टिकाचाच गाभा घ्यायचा. मिथेनला ही अडचण नाही, म्हणून दोन्ही ध्रुवांचे गाभे कालक्रमात जुळवायला मिथेन कामी येतो. मधल्या खोलीचा बर्फ वर आणल्यावर आतल्या दाबाने तडकतो. तो कापायच्या आधी महिनोनमहिने तसाच ठेवावा लागतो. घाई केली की नमुना वाया.

अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या गाभ्यात ८ लाख वर्षांची हवा आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड १८० ते ३०० पीपीएमच्या मध्ये राहिला. शेवटचं हिमयुग संपताना साधारण ८० पीपीएम वाढायला हजारो वर्षं लागली. १९५८ नंतर १०० हून जास्त वाढले ते सत्तर वर्षांच्या आत.

आधी-नंतरचं: हिमयुगांची सुरुवात आणि शेवट पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी होतो. समुद्र तापला की तो कार्बन सोडतो, आणि तो कार्बन तापमान आणखी वाढवतो. म्हणजे तेव्हा कार्बन डायऑक्साइड मागून येऊन जोर लावणारा होता. आज तो आपण थेट टाकतोय, आणि कक्षेतले बदल या काळाला किंचित थंड दिशेने आणि अत्यंत हळू ढकलतात. शिवाय गाभा दाखवतो ते अंटार्क्टिकाचं तापमान. जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस जागतिक तापमान बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच्या मागून चढलं.

पुनर्वसु

"ग्रीनलंड पूर्वी हिरवं होतं, काही बिघडलं नाही" हे वाक्य कुणी टाकायच्या आत लिहितो. वायव्य ग्रीनलंडमधल्या कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी तळावर १९६६ मध्ये १३०० मीटरहून जास्त खोल छिद्र पाडलं, आणि बर्फाखालची माती वर आणली. ती कित्येक दशकं गोठवून पडून होती. पुन्हा तपासली तेव्हा तिच्यात वनस्पतींचे अवशेष सापडले, आणि कणांवर शेवटचा प्रकाश सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी पडल्याचं निघालं. म्हणजे तिथला बर्फ तेव्हा खरोखर गेला होता. पण तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड होता २८० च्या आसपास, आणि नुसत्या लांबलेल्या मध्यम उबेने तो बर्फ गेला. समुद्र आजच्यापेक्षा मीटरच्या हिशेबात वर होता. आज आपण ४२४ वर आहोत. "पूर्वी हिरवं होतं" ही दिलासा देणारी गोष्ट नाही, ती बर्फ किती नाजूक आहे याची मोजणी आहे.

प्राण्यांबद्दल दोनच ओळी, कारण तिथे भावनेच्या भरात चुकीचं लिहिलं जातं. ध्रुवीय अस्वलांचे २० गट आहेत, सगळे सारख्या वेगाने घटत नाहीत. पश्चिम हडसन उपसागरात २०१६ ला ८४२ चा अंदाज होता, २०२१ ला ६१८. सील पकडायला बर्फ लागतो आणि तिथला बिनबर्फाचा काळ लांबलाय. अंटार्क्टिकात २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या भागात एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत पिल्लं वाचली नसावीत असं उपग्रहचित्रांवरून दिसलं, कारण त्यांना पाणी अडवणारी पिसं फुटायच्या आतच पायाखालचा बर्फ फुटला.

जिज्ञासू

शेवटचं. समुद्रावरच्या बर्फाचा रोजचा आलेख कुणीही बघू शकतो. तो वाचताना काय सांभाळायचं? आणि २०१२ चा विक्रम अजून मोडला नाही, मग घसरण थांबली का?

खारे पाणी

आधी बघा, आलेख विस्ताराचा आहे की क्षेत्रफळाचा. विस्तारात नकाशाच्या ज्या चौकटीत १५ टक्क्यांहून जास्त बर्फ आहे ती पूर्ण धरतात. क्षेत्रफळात जितका बर्फ तितकाच. उपग्रहावरच्या सूक्ष्मतरंग संवेदकाला बर्फावरचं डबकं उघड्या पाण्यासारखंच दिसतं, म्हणून उन्हाळ्यात क्षेत्रफळ खोटं कमी येतं. विस्तार त्या मानाने बरा. ज्या सरासरीशी तुलना केली आहे ती पट्टी १९८१-२०१० ची आहे की १९९१-२०२० ची तेही बघा. नवी पट्टी लावली की घट लहान वाटते. रोजचा आकडा एकट्याने उचलू नका, पाच दिवसांची सरासरी घ्या.

२०१२: १७ सप्टेंबरला सुमारे ३.४ दशलक्ष चौरस किलोमीटर, त्यात ऑगस्टमधल्या जबर वादळाचा हात होता. तसं वादळ दरवर्षी येत नाही. एका टोकाच्या वर्षावरून रेष ओढू नका. २००७ पासून सप्टेंबरचा विस्तार बऱ्यापैकी सपाट दिसतो हे खरं आहे, आणि दशक-दीड दशकाचे असे नैसर्गिक चढउतार प्रारूपांतही येतात. पण १९७९ पासूनच्या नोंदीत सगळ्यात कमी विस्ताराची १९ वर्षं काढली तर ती २००७ ते २०२५ हीच निघतात.

विस्तारासोबत जाडी बघितल्याशिवाय मत बनवू नका. पाण्यावर दिसणारा भाग एकूण जाडीच्या साधारण दहावा हिस्सा असतो, म्हणून उंचीत १ सेंटीमीटरची चूक झाली की जाडीत जवळजवळ १० सेंटीमीटरची होते. वर किती हिम साचलंय हा त्यातला सगळ्यात कच्चा आकडा. तरीही पाणबुड्यांच्या जुन्या नोंदी आणि उपग्रह जुळवले तर मध्य आर्क्टिकमधली जाडी १९८० च्या मानाने निम्म्याच्या आसपास आली आहे. अनेक वर्षं टिकणारा जुना बर्फ गेला आणि त्याची जागा एका हिवाळ्याच्या पातळ बर्फाने घेतली. पातळ बर्फ हिवाळ्यात भराभर वाढतो, म्हणून मार्चचा आकडा फारसा वाईट दिसत नाही. तरी मार्च २०२५ चा उच्चांक, १४.३ दशलक्ष चौरस किलोमीटर, तोवरच्या नोंदीतला सगळ्यात कमी होता.

आणि उत्तर-दक्षिणेची बेरीज करून "जागतिक समुद्रबर्फ" म्हणून जो आलेख फिरतो, तो सोडून द्या. दोन्हींचे ऋतू उलटे आणि कारणं वेगळी, त्यामुळे बेरजेतून दोन्हींपैकी एकाचंही नीट काही कळत नाही.